जुन्या गाडीचं ॲव्हरेज : आधी नीट मोजा, मग वाढवा

जुनी गाडी वापरणाऱ्याला "किती देते?" असं विचारलं की उत्तर लगेच येतं, "देते की पंधरा-सोळा." हा आकडा बहुधा कधीकाळी कोल्हापूर नाहीतर नाशिकच्या फेरीत मिळालेला असतो. रोजच्या वापरात तीच गाडी अकरा-बारावर आलेली असते आणि मालकाला त्याचा पत्ता नसतो. मग एके दिवशी पेट्रोलचा खर्च खुपायला लागतो आणि गाडी गॅरेजला जाते. प्लग बदलतात, इंजेक्टर साफ होतात, वर कुणीतरी 'डिकार्ब', म्हणजे इंजिनमधली काजळी साफ, करून घ्यायला सांगतं. चार-पाच हजारांचं बिल होतं, पण फरक पडला की नाही हे कळायला हातात आधीचा आकडाच नसतो.

म्हणून माझा आग्रह एकच आहे. मोजल्याशिवाय खर्च करू नका आणि एका वेळी एकच बदल करा. या लेखाचा जवळपास अर्धा भाग मोजण्यावर आहे, कारण खरी गफलत तिथेच होते. डोळ्यांसमोर धरली आहे ती दहा ते अठरा वर्षं वापरलेली, ८०० ते १२०० सीसीची पेट्रोल गाडी : जुनी अल्टो, वॅगन-आर, झेन, सँट्रो वगैरे. डिझेलवाल्यांनाही मोजण्याचा भाग जसाच्या तसा लागू पडतो.

टाकी फुल ते टाकी फुल

पद्धत सगळ्यांना माहीत असते, पण ती नेटाने कुणी करत नाही. टाकी फुल करा, किलोमीटर लिहून ठेवा, गाडी नेहमीसारखी चालवा, पुन्हा फुल करा. दुसऱ्या वेळी जेवढे लिटर बसले तेवढं पेट्रोल मधल्या अंतराला लागलं. किलोमीटर भागिले लिटर, झालं ॲव्हरेज.

आता बारकावे. पंप एकच ठेवा, शक्यतो मशीनही तेच. गाडी सपाट जागी, दर वेळी त्याच बाजूने लावा, कारण टाकी थोडी जरी कलली तरी नोझल लवकर किंवा उशिरा कट होतं. सकाळी किंवा रात्री भरलं तर बरं. पेट्रोलचं तापमान दहा अंशांनी वाढलं की त्याचं आकारमान साधारण एक टक्क्याने वाढतं. पंपाची टाकी जमिनीखाली असल्याने तिथे फारसा फरक पडत नाही, पण उन्हात तापलेल्या गाडीच्या टाकीत पडतो.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे नोझल पहिल्यांदा आपोआप कट झालं की तिथेच थांबायचं. आपल्याकडे भरणारा मुलगा कट झाल्यावरही थेंब थेंब टाकत रक्कम 'राउंड फिगर' करतो. भरायच्या आधीच सांगा, "दादा, कट झालं की थांबा, वर टाकू नका." यूपीआयने पैसे देताना २,३४७ रुपये काय आणि २,४०० काय, सुट्ट्यांचा प्रश्न येत नाही. वर टाकत राहण्याचा आणखी एक तोटा आहे. साधारण २००० नंतरच्या गाड्यांत टाकीतली वाफ शोषायला कोळशाचा डबा, म्हणजे चारकोल कॅनिस्टर असतो. गळ्यापर्यंत भरलेलं पेट्रोल त्यात शिरलं की तो खराब होतो आणि मग इंजिन विनाकारण वेडंवाकडं चालतं.

मीटर शून्यावर आहे हे बघा आणि छापील पावती घ्या. पावतीवर लिटर दशांशासह असतात. ते वहीत उतरवा. मापाची शंका असेल तर प्रत्येक पंपावर पाच लिटरचं प्रमाणित माप ठेवलेलं असतं आणि ते भरून दाखवा असं म्हणण्याचा ग्राहकाला हक्क आहे. पाच लिटरमागे २५ मिलिलिटरपर्यंतचा फरक कायद्याने चालतो. त्याहून कमी भरलं तर वैधमापन खात्याकडे तक्रार करता येते.

बाइकवर चालते तशी रिझर्व्ह ते रिझर्व्ह पद्धत कारला लावू नका. काटा आणि पिवळा दिवा चढावर एक सांगतात आणि उतारावर दुसरंच.

एका टाकीवर विश्वास ठेवू नका

कितीही काळजी घेतली तरी भरण्यात अर्ध्या लिटरची चूक सहज होते. सुरुवातीला अर्धा लिटर इकडे आणि शेवटी अर्धा लिटर तिकडे, म्हणजे एक लिटर. मध्ये २४ लिटर जळले असतील तर ही चूक चार टक्क्यांची झाली. हजार रुपयांचं पेट्रोल टाकून, दहा लिटरवर मोजलं तर थेट दहा टक्के! "कालपासून ॲव्हरेज वाढलंय" असं सांगणारे बहुतेक जण ही भरण्याची चूकच वाचत असतात.

उपाय सोपा आहे. तीन-चार टाक्यांचा हिशेब एकत्र करा. मधल्या भरण्यांतल्या चुका एकमेकींत जिरतात; फक्त पहिली आणि शेवटची उरते. समजा पहिल्यांदा फुल केली तेव्हा मीटरवर ८४,२१० किलोमीटर होते. नंतर २४.६, २२.९ आणि २६.१ लिटर भरले. शेवटच्या फुलला मीटर ८५,१७८. अंतर ९६८ किलोमीटर, पेट्रोल ७३.६ लिटर, ॲव्हरेज १३.१५. इथे एका लिटरची चूक दीड टक्क्याच्या आत राहते. हा आकडा विश्वासाचा.

टाक्यांच्या ॲव्हरेजची सरासरी मात्र काढायची नाही. ३०० किलोमीटर हायवेला २० ने गेलात आणि ३०० किलोमीटर शहरात १० ने, तर उत्तर १५ नाही. पहिल्याला १५ लिटर लागले, दुसऱ्याला ३०. सहाशे भागिले पंचेचाळीस म्हणजे १३.३. नेहमी एकूण किलोमीटर भागिले एकूण लिटर.

वहीत रकाने मोजकेच हवेत : तारीख, मीटर, लिटर, पंप आणि एक शेरा. शेरा सोडू नका. "एसी पूर्ण वेळ", "चार माणसं, कोकण", "हवा ३० केली", "पावसाचा आठवडा" असं काहीही. सहा महिन्यांनी आकड्यांपेक्षा हे शेरेच जास्त कामाला येतात.

किलोमीटर तरी खरे आहेत का?

भागाकारातला वरचा आकडाही तपासायला हवा. गाडीचं मीटर चाकाच्या फेऱ्या मोजतं, अंतर नाही. झिजलेल्या टायरचा घेर कमी, म्हणून तेवढ्याच अंतराला फेऱ्या जास्त होतात आणि मीटर जास्त पळतं. नव्या टायरची नक्षी आठेक मिलिमीटर खोल असते, झिजून दोनवर आली की त्रिज्या सहा मिलिमीटरने घटते. लहान गाडीच्या चाकावर हा फरक दोन टक्क्यांच्या आसपास जातो. नवे टायर टाकल्यावर ॲव्हरेज पडलं अशी तक्रार नेहमी ऐकू येते, त्यातला काही भाग हा निव्वळ मीटरचा खेळ असतो. (काही भाग खराही असतो. नव्या टायरचं जाड रबर लोळायला जास्त जोर घेतं.)

टायरचं माप बदललं असेल तर तेही हिशेबात धरा. जुन्या अल्टोला मूळचे १४५/८० आर१२ टायर असतात, त्यांचा व्यास साधारण ५३७ मिलिमीटर. कुणी हौसेने १५५/७० आर१३ टाकले तर व्यास ५४७ होतो. म्हणजे मीटर १०० दाखवेल तेव्हा गाडी जवळजवळ १०२ किलोमीटर गेलेली असेल.

तपासायला मोबाइलवर जीपीएसने अंतर मोजणारं कुठलंही ॲप लावा आणि मोकळ्या हायवेला वीसेक किलोमीटर एका चालीने जा. जीपीएस २० सांगतंय आणि मीटर २०.६ फिरलं, तर तुमचा गुणक २० भागिले २०.६, म्हणजे ०.९७. वरच्या १३.१५ ला ०.९७ ने गुणलं की खरं उत्तर येतं १२.७६. हा गुणक वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. टायर बदलले की पुन्हा काढा.

घाट, पावसाळा आणि इथेनॉल

मुंबईहून पुण्याला येताना मोजलेलं ॲव्हरेज आणि परत जाताना मोजलेलं ॲव्हरेज कधीच जुळत नाही. पुणे समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटर उंचावर आहे. माणसांसकट हजार किलोची गाडी तेवढी उचलायला जी ऊर्जा लागते तिचा हिशेब केला आणि इंजिन पेट्रोलमधली चौथा हिस्सा ऊर्जाच चाकापर्यंत पोचवतं असं धरलं, तर निव्वळ चढण्यासाठी सुमारे ०.७ लिटर जास्त लागतात. दीडशे किलोमीटरला एरवी दहा लिटर पिणारी गाडी पंधरावरून चौदावर येते, आणि त्यात तिचा काहीच दोष नसतो. म्हणून घाटरस्त्यावर नेहमी जाऊन-येऊन मोजा. कोल्हापूर-रत्नागिरी असो की नाशिक-मुंबई, नियम तोच.

पावसाळ्याची तुलना पावसाळ्याशीच करा. ओला रस्ता चाकाला धरतो, काचेवरची वाफ घालवायला एसी लावावा लागतो, खड्ड्यांमुळे सतत दुसरा-तिसरा गिअर. जूनमध्ये प्लग बदलले आणि जुलैत आकडा पडला, यावरून प्लगला नावं ठेवू नका.

आणि पेट्रोलच बदललं आहे. २०१९-२० मध्ये देशात पेट्रोलमध्ये सरासरी पाच टक्के इथेनॉल होतं; २०२५ मध्ये ते वीस टक्क्यांवर गेलं. आपल्या साखर कारखान्यांच्या डिस्टिलरीतूनही येणाऱ्या या इथेनॉलच्या एका लिटरमध्ये पेट्रोलच्या जेमतेम दोन-तृतीयांश ऊर्जा असते. नुसतं गणित केलं तर पाच टक्क्यांवरून वीस टक्क्यांवर जाताना लिटरमागची ऊर्जा पाच टक्क्यांच्या आसपास घटते. २०१९ मध्ये १५ देणारी गाडी आज काहीही बिघाड नसताना १४.२ देईल. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालातही मुळात बिगर-इथेनॉल पेट्रोलसाठी बनलेल्या आणि दहा टक्क्यांसाठी जुळवलेल्या चारचाकींचं ॲव्हरेज वीस टक्के मिश्रणावर सहा-सात टक्के घटेल असं म्हटलं होतं. ही घट गॅरेजात भरून निघणार नाही. जुन्या वहीशी तुलना करताना ती आधी वजा करा, नाहीतर नसलेल्या रोगावर औषध चालू राहील. जुन्या गाडीत याच निमित्ताने पेट्रोलच्या रबरी नळ्या मात्र जरूर बघून घ्या. फुगलेली, चिरा गेलेली किंवा बोटाला चिकट लागणारी नळी लगेच बदला. तो ॲव्हरेजचा नाही, आगीचा प्रश्न आहे.

कंपनीच्या जाहिरातीतल्या आकड्याशी तुलना करून मन खट्टू करून घेऊ नका. पुण्याच्या एआरएआयसारख्या वाहनं तपासणाऱ्या संस्थेत तो आकडा रोलरवर, ठरवून दिलेल्या चक्रात, एसी बंद ठेवून मिळवलेला असतो आणि त्या चक्रात वेग ताशी ९० च्या वर जात नाही. तुमची तुलना तुमच्याच गाडीच्या वहीशी.

सीएनजीवाल्यांसाठी एवढंच, की फुल ते फुल ही पद्धत तिथे डळमळीत असते. पंपावर कधी २०० बार दाब मिळतो तर कधी कमी, आणि गॅस गरम असला की किलो कमी बसतो. पाच-सहा भरण्यांचे किलो आणि किलोमीटर एकत्र केल्याशिवाय निष्कर्ष काढू नका.

सुधारणा कितीची होऊ शकते?

ॲव्हरेज ११ वरून १३ झालं तर दहा हजार किलोमीटरला १४० लिटर वाचतात. १८ वरून २० झालं तर ५६ च. दोन्हीकडे वाढ दोनचीच, पण बचतीत अडीच पट फरक. गाडीची अवस्था वाईट असेल तर मेहनतीचं फळ मोठं. आधीच चांगली चालणारी गाडी आणखी ताणण्यात फारसं हाती लागत नाही. लिटरला शंभर रुपये धरून आपला हिशेब आधी करा आणि त्या रकमेच्या आतच खर्च करा.

हवा

टायरमधली हवा ही सर्वांत स्वस्त दुरुस्ती. योग्य दाब टायरवर लिहिलेला नसतो. टायरवर असतो तो कमाल दाब. ड्रायव्हरच्या दरवाजाची चौकट बघा, तिथे स्टिकर असतो. दाब थंड टायरचा धरायचा, म्हणजे गाडी निदान तीन तास उभी असताना. धावून गरम झालेल्या टायरमध्ये दाब तीन-चार पीएसआयने वाढलेला असतो. तेव्हा मोजून हवा सोडली तर सकाळी टायर मऊ.

पंपावरच्या आणि पंक्चरवाल्याकडच्या गेजवर माझा भरवसा नाही. चांगला गेज स्वतःच्या डिकीत ठेवा, महिन्यातून एकदा घरीच मोजा. चांगल्या टायरमधूनही महिन्याला एखाद-दोन पीएसआय हवा जातेच. स्टिकरवर ३० लिहिलेलं असेल तर ३२ पर्यंत चालतं, पण ॲव्हरेजच्या लोभाने ४० भरू नका. टायर मधोमध झिजतो, ओल्या रस्त्यावर पकड जाते आणि ब्रेक मारल्यावर गाडी लांब जाऊन थांबते.

त्याच वेळी नक्षीवरून तळहात आडवा फिरवा. एका दिशेने गुळगुळीत आणि उलट दिशेने करवतीसारखं लागलं तर अलाइनमेंट, म्हणजे चाकांची दिशा, बिघडलेली आहे, टायर थोडे फरफटत चालले आहेत. आपल्या रस्त्यांवर वर्षातून एकदा, पावसाळा संपल्यावर, अलाइनमेंट करून घेणं पुरतं.

धरून ठेवलेले ब्रेक

जुन्या गाडीत मला सगळ्यात जास्त वेळा सापडणारा चोर हा आहे. कॅलिपरच्या, म्हणजे डिस्कवर पॅड दाबणाऱ्या पकडीच्या, पिना सुकतात, पिस्टनवर गंज चढतो, हँडब्रेकची केबल आत अडकते, आणि एखादं चाक सतत किंचित दाबलेलं राहतं. चालवताना काही कळत नाही. मुंबई-कोकणातल्या दमट हवेत, पावसात आठवडाभर हँडब्रेक लावून उभ्या राहणाऱ्या गाड्यांत हे हमखास होतं.

ओळखायचं असं. मोकळ्या रस्त्यावर दहा-पंधरा किलोमीटर, शक्य तितके कमी ब्रेक वापरून जा आणि शेवटी गाडी आपसूक हळू होऊ देऊन थांबवा. उतरून चारही चाकांच्या रिमजवळ हाताची उलटी बाजू न्या. रिमला किंवा डिस्कला हात लावू नका, नुसती धग जाणवेल. एक चाक इतरांपेक्षा स्पष्ट गरम असेल तर तेच चाक. मग गाडी न्यूट्रलमध्ये, बाकीच्या चाकांना दगड लावून, ते चाक जॅकवर उचला आणि हाताने फिरवा. पॅड हलकेच घासल्याचा आवाज चालतो. पण जोर लावावा लागला किंवा चाक अर्ध्या फेरीतच थांबलं तर ब्रेक धरतोय.

दुरुस्ती साधी असते. पिना काढून साफ करायच्या आणि कॅलिपरसाठीचं सिलिकॉन ग्रीस लावायचं. साधं ग्रीस नको, त्याने रबर फुगतं आणि पिना पुन्हा अडकतात. मागच्या ड्रममधली धूळ काढून ॲडजस्टर मोकळा करायचा, हँडब्रेकची केबल सुटी हलते का बघायचं. गाडी बरेच दिवस उभी राहणार असेल तर सपाट जागी पहिल्या गिअरमध्ये ठेवा, चाकाला दगड लावा आणि हँडब्रेक सोडून द्या.

फरक मोजायलाही एक पद्धत आहे आणि तिला पेट्रोलची टाकी संपेपर्यंत थांबावं लागत नाही. पहाटे, मागेपुढे कुणी नसलेल्या सरळ-सपाट रस्त्यावर गाडी ताशी ६० च्या थोडी वर न्या, इंजिन चालू ठेवून न्यूट्रल करा आणि काटा ६० वरून ४० वर यायला किती सेकंद लागतात ते शेजारी बसलेल्याला मोजायला सांगा. लगेच त्याच पट्ट्यावर उलट दिशेने तेच. दोन्ही बाजूंनी तीन-तीनदा करून सरासरी काढा, म्हणजे वारा आणि न दिसणारा उतार दोन्ही कटतात. दुरुस्तीनंतर त्याच जागी पुन्हा करा. सेकंद वाढले तर गाडी मोकळी झाली. हवा, अलाइनमेंट, बेअरिंग, ब्रेक या सगळ्यांची परीक्षा या एका आकड्यात होते.

काढून टाकलेला थर्मोस्टॅट

थर्मोस्टॅट म्हणजे इंजिन गरम होईपर्यंत रेडिएटरकडे जाणारं पाणी अडवून धरणारी झडप. आपल्याकडच्या कितीतरी गॅरेजांत एक जुनी समजूत आहे : आपला देश गरम, इथे थर्मोस्टॅटची गरज काय? गाडी एकदा तापली की तो काढून फेकून देतात. गाडी तापत नाही म्हणून मालकही खूश. साताऱ्याच्या माझ्या मामांची सँट्रो अशीच होती. शहरात तापमानाचा काटा मध्यावर यायचा, पण हायवेला लागलं की हळूहळू खाली सरकायचा आणि थंडीतल्या सकाळी पुण्यापर्यंत पाव भागाच्या वर जायचा नाही. ॲव्हरेज कमी म्हणून आधी प्लग, मग इंजेक्टर, सगळं करून झालं होतं. उघडून पाहिलं तर थर्मोस्टॅटच्या जागी रिकामी पोकळी.

इंजिन ठरलेल्या तापमानाला पोचलं नाही की ईसीयूला, म्हणजे इंजिन सांभाळणाऱ्या कॉम्प्युटरला, वाटतं ते अजून गार आहे, आणि तो जास्त पेट्रोल सोडत राहतो. शिवाय गार तेल जाड राहतं, सिलिंडर लवकर झिजतात. तपासणी फुकट आहे : हायवेला एकसारख्या वेगात काटा खाली सरकतो का, एवढंच बघा. काटा नसेल आणि गाडी साधारण २०१० नंतरची असेल तर ईसीयूमधले आकडे वाचणारा हजारभर रुपयांचा ओबीडी स्कॅनर मोबाइलला जोडून कूलंटचं तापमान वाचा. थर्मोस्टॅट जागेवर आहे पण उघडाच अडकला असेल, तरी लक्षण हेच. काढून पातेल्यात पाण्यासोबत तापवून पाहता येतो. गार असताना पूर्ण बंद हवा आणि पाणी उकळायच्या आधी, साधारण ८२ ते ८८ अंशांना, उघडायला लागला पाहिजे. त्याच्यावरच अंश कोरलेले असतात. नवा बसवताना पाण्याऐवजी कूलंट भरा. आणि गाडी मुळात तापत का होती हे शोधून घ्या : रेडिएटर, पंखा, पाण्याचा पंप.

इंजिन

इथे पहिला कागद पीयूसीचा. आपण तो खिशात घालून विसरतो, पण त्यावर छापलेले आकडे म्हणजे जवळजवळ फुकटात झालेली इंजिनची तपासणी असते. बीएस-४ पेट्रोल गाडीला आयडलवर सीओ (कार्बन मोनॉक्साइड) ०.३ टक्के आणि एचसी (हायड्रोकार्बन, म्हणजे न जळलेलं पेट्रोल) २०० पीपीएम ही मर्यादा आहे. बीएस-२ आणि बीएस-३ ला ०.५ टक्के आणि ७५०. पास-नापास यापेक्षा मागच्या कागदांशी तुलना महत्त्वाची. सीओ वाढत चालला असेल तर हवा-पेट्रोलचं मिश्रण पेट्रोलबंबाळ होतंय, ऑक्सिजन सेन्सर संशयित. एचसी वाढला असेल तर पेट्रोल न जळताच बाहेर जातंय. प्लग, केबल किंवा व्हॉल्व्ह बघायचे. इंजिन पूर्ण गरम असतानाच चाचणी करून घ्या आणि नळी खरोखर सायलेन्सरमध्ये घातली आहे ना, तेही.

प्लग उघडून टोकाचा रंग बघा. फिकट तपकिरी उत्तम, सुकी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त, तेलकट काळा म्हणजे तेल वर येतंय, पांढरा म्हणजे मिश्रण पातळ किंवा प्लग जास्त तापतोय. सगळ्यांत एकच वेगळा असेल तर दोष त्या सिलिंडरचा. टोकांमधला गॅप फिलर गेजने मोजून, मॅन्युअलमध्ये दिला असेल तेवढाच ठेवा.

मारुती ८०० आणि जुन्या अल्टोच्या इंजिनात टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्ह दाबणाऱ्या भागांतली फट, स्क्रूने सेट करावे लागतात, आणि हे काम हल्ली कुणी सांगितल्याशिवाय करत नाही. टिकटिक करणारे ढिले टॅपेट लक्षात येतात. घट्ट झालेले आवाज करत नाहीत. व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही आणि कॉम्प्रेशन गळतं. सीएनजीवर चाललेल्या गाडीत तर हे आवर्जून बघा.

एअर फिल्टरबद्दल थोडं वेगळं मत. कार्बोरेटरच्या गाडीत तुंबलेला फिल्टर पेट्रोल वाढवतो, यात शंका नाही. इंजेक्शनच्या गाडीत ईसीयू आलेल्या हवेच्या मापानेच पेट्रोल देतो, त्यामुळे पिकअप जातो, ॲव्हरेज फारसं नाही. फिल्टर बदला, पण त्याच्याकडून चमत्काराची अपेक्षा नको.

ऑक्सिजन सेन्सर लाखभर किलोमीटरनंतर सुस्तावतो. स्कॅनरवर लाँग टर्म फ्युएल ट्रिम, म्हणजे ईसीयूने पेट्रोलच्या मापात केलेली टक्क्यांतली दुरुस्ती, बघा : उणे दहाच्या पलीकडे म्हणजे गाडी मुळात जास्त पेट्रोल घेत होती आणि ईसीयू ते कापतोय, अधिक दहाच्या वर म्हणजे कुठून तरी हवा गळतेय किंवा पेट्रोल कमी पोचतंय. आकडा न बघता अंदाजाने सेन्सर बदलू नका, स्वस्त नसतो.

तेल मॅन्युअलमधल्या ग्रेडचं. "जुनी गाडी आहे, जाड टाका" म्हणून २०डब्ल्यू-५० ओतलं जातं. इंजिन खरंच तेल पीत असेल तर गोष्ट वेगळी. एरवी जाड तेल घुसळण्यातच पेट्रोल जातं.

क्लचही तपासा. चौथ्या गिअरमध्ये ताशी चाळीसला ॲक्सिलरेटर एकदम दाबा. आवाज चढला आणि वेग त्या मानाने वाढला नाही, तर क्लच घसरतोय.

पाय आणि डोळे

गणपतीला गावी जाताना बसवलेला टपावरचा कॅरिअर शिमग्यापर्यंत तसाच राहतो. रिकामा असला तरी तो हवा अडवतो. काम झालं की त्याच आठवड्यात काढा. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो. ताशी ८० ऐवजी १०० ने गेलं की तो दीड पटीहून जास्त होतो, आणि उंच-चौकोनी वॅगन-आरसारख्या गाडीला ते फारच जाणवतं. हायवेला ऐंशी धरून राहणं ही एकच सवय वरच्या निम्म्या दुरुस्त्यांइतकी किंमत राखते.

शहरात गिअर लवकर वर न्या : विसाच्या आत दुसरा, तिशीला तिसरा, पंचेचाळीसला चौथा. इंजिन थरथरलं तर मात्र लगेच खाली या. लांबूनच लाल सिग्नल दिसला की पाय ॲक्सिलरेटरवरून काढा आणि गाडी गिअरमध्येच राहू द्या. इंजेक्शनच्या गाडीत अशा वेळी पेट्रोल पूर्ण बंद होतं. न्यूट्रल केलं तर उलट आयडलपुरतं जळत राहतं. म्हणून घाट उतरताना न्यूट्रल करण्यात बचतही नाही, आणि ब्रेक तापून निकामी होण्याचा धोका मात्र आहे. इंजिन बंद करून उतरणं तर कधीच नको. ब्रेकची सर्वो मदत जाते, किल्ली जास्त फिरली तर स्टिअरिंग लॉक होतं.

लहान इंजिन नुसतं उभं राहून तासाला अर्धा ते पाऊण लिटर पितं. रोज अर्धा तास सिग्नलला जात असेल तर पंचवीस दिवसांत सहा ते नऊ लिटर. बॅटरी आणि स्टार्टर ठीक असतील तर मिनिटभराहून मोठ्या थांब्याला इंजिन बंद करा. दोन-तीन किलोमीटरच्या फुटकळ फेऱ्या एकत्र करा, कारण गार इंजिन सगळ्यात जास्त पितं आणि ते गरम व्हायच्या आत आपण पोचलेलो असतो. एसी शहरात हळू चालताना बंद, काचा उघड्या. हायवेला काचा बंद, एसी चालू. आणि त्याच्या कंडेन्सरवरची धूळ पाण्याच्या हलक्या धारेने धुऊन टाका.

ज्याच्यावर पैसे घालवू नयेत

पेट्रोलच्या नळीला लावायचे चुंबक, टाकीत टाकायच्या गोळ्या, पाण्यापासून गॅस बनवणारी किट्स, चार्जरच्या भोकात खोचायचे 'फ्युएल सेव्हर' : एकही घेऊ नका. महागडं जास्त ऑक्टेनचं पेट्रोलही कमी कॉम्प्रेशनच्या जुन्या इंजिनाला ॲव्हरेज वाढवून देत नाही. इंजेक्टर क्लीनिंग आणि डिकार्ब ही कामं लक्षण दिसलं तर करायची, सवय म्हणून नाही.

सगळं करूनही आकडा हलला नाही तर कॉम्प्रेशन टेस्ट करून घ्या. सगळे प्लग काढून, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून, प्रत्येक सिलिंडरचा दाब मोजतात. एखादा सिलिंडर इतरांपेक्षा दहा-पंधरा टक्क्यांहून खाली असेल तर त्यात चमचाभर तेल सोडून पुन्हा मोजायला सांगा : दाब वाढला तर रिंग झिजल्या, नाही वाढला तर व्हॉल्व्ह. रिंगांचं काम निघालं तर मघाचा लिटरांचा हिशेब पुन्हा काढा. निव्वळ पेट्रोलच्या बचतीतून तो खर्च बहुतेकदा वसूल होत नाही, आणि तसं असेल तर आहे त्या ॲव्हरेजवर गाडी चालवत राहणं हाच शहाणा निर्णय. वही मात्र चालू ठेवा. सलग दोन टाक्यांना आकडा दहा टक्क्यांनी पडला आणि शेऱ्यात त्याचं कारण सापडलं नाही, तर त्याच आठवड्यात क्रमाने बघा : हवा, गरम चाक, तापमानाचा काटा, आणि टाकीखाली पेट्रोलचा वास.